लोंढ्यांची पिकं

सुदाम लोंढ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या कंपासपेटीतला कोनमापक स्वतःच्या पुढच्या दातांवर वाजवून बघत होते.

यावरून कुणाला ते वेडे वाटले तर माझी हरकत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी पिंपळीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि एका स्नेहसंमेलनात म्हटलेल्या गाण्याच्या जोरावर बारामतीच्या ‘सप्तसूर ऑर्केस्ट्रा’त गायिका म्हणून दाखल झाले होते. नाव सप्तसूर, पण आम्ही पाचाच्या वर कधी गेलो नाही. मालक पोपटराव. त्यांचा मूळ धंदा मंडपाचा. मंडपाबरोबर स्पीकर आले, स्पीकरबरोबर गाणी आली, आणि गाणी आहेतच तर गाणारे का नकोत, अशा क्रमानं ऑर्केस्ट्रा निघालेला. ड्रम ते स्वतः वाजवत. म्हणजे जुनं भांडण उकरून काढल्यासारखे बडवत. तालीम त्यांच्या गोडाऊनमध्ये असे. तिथं सतरंज्यांचे ढीग होते. आपण बेसूर गायलो तरी त्या पिऊन टाकत.

शाळेतून थेट आल्यामुळं माझ्या पिशवीत कंपासपेटी होती. मी पाणी प्यायला गेले आणि परत येते तर हा प्रकार.

“बरा हाय,” लोंढे कोनमापकाकडं बघत म्हणाले. “पर ठिसूळ हाय. टोक टिकायचं न्हाय.”

“अहो, तो कोनमापक आहे!”

“व्हय, ते दिसतंय की. म्हणून त्यानं जन्मभर कोनच मापायचं व्हय?”

मग पोपटरावांनी ओळख करून दिली. “बाई, हे आमचे लोंढे. लीड गिटार. माणूस सोन्यासारखा हाय. फक्त प्लास्टिकची वस्तू ह्यांच्यासमोर ठेवायची न्हाय.”

इलेक्ट्रिक गिटार तेव्हा आमच्याकडं नवलाची होती. गिटारवाला म्हणजे मानेपर्यंत केस आणि गुडघ्यावर फाटलेली पँट, अशी लोकांची कल्पना. लोंढे तेल लावून भांग पाडत, गळ्यापर्यंत बटणं लावत आणि पायात सँडल घालत. मूळचे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे, बारामतीत एका कंपनीत टर्नर. दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि संध्याकाळी कलकत्त्याहून मागवलेली लाल गिटार गळ्यात अडकवायची. स्टेजवर ते वायरमनसारखे दिसत. एका लग्नात नवरीच्या बापानं त्यांना गाणं चालू असताना हळूच येऊन सांगितलं होतं, की जनरेटर आचके देतोय. लोंढे गिटार खाली ठेवून गेले, जनरेटर दुरुस्त केला, हात पुसले आणि दुसऱ्या कडव्याला परत आले.

त्यांच्या वरच्या खिशात तपकिरीची एक पत्र्याची डबी असे. आत तपकीर नव्हती, पिकं होती. गिटारच्या तारा छेडायची ती बदामाच्या आकाराची चपटी चकती, तिला पिक म्हणतात, हे मला त्या डबीनं शिकवलं.

“म्हणजे बटणच की हे,” मी म्हणाले.

लोंढ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी शाळेत सात नव्वे सत्तर शिकवते असं त्यांना कुणी सांगितलं असावं.

“बाई, बटन तुटलं तर शर्ट उघडा पडतो. पिक चुकलं तर मानूस उघडा पडतो.”

आणि त्यांनी सतरंजीवर एकेक पिक मांडलं. “हे पातळ. ऱ्हिदमचं. तारांवरनं झाडू मारल्यागत जातं. हे मधलं. ज्याला काय ठरवताच येत न्हाय त्याच्यासाठी, पोपटरावांना चालंल. हे जाड, लीडचं. हे सोता वाकत न्हाय, तार वाकवतं. टोक गोल असलं की सूर लोण्यातनं निघाल्यागत येतो. टोकदार असलं की काट्यानं काटा काढल्यागत.”

“एवढा फरक ऐकू येतो?”

“साध्या गिटारीत न्हाय येत. ती भोळी. विजेची गिटार चुगलखोर असती. पिक तारेला लागल्याचा टक् सुदीक मोठा करून सगळ्या गावाला सांगती.”

डबीतल्या प्रत्येक पिकाची जाडी त्यांनी कंपनीतल्या मायक्रोमीटरनं मोजलेली होती आणि ती त्यांना तोंडपाठ होती. पोरांचे वाढदिवस बायकोला विचारावे लागत. गाण्यागणिक पिक बदलायचा त्यांचा हट्ट असे, आणि वेळ चुकली तरी तो सुटत नसे. एकदा मी वरच्या षड्जावर जाऊन उभी राहिले, तिथून पुढं गिटारनं मला उतरवून घ्यायचं असं ठरलेलं, आणि खाली बघते तर यांनी डबी उघडलेली. मी तिथंच लटकले. श्वास संपला, सूर संपला, पोपटरावांचे डोळे मोठे झाले. मग सावकाश गिटार आली.

स्टेजवरून उतरल्यावर मी भांडले. लोंढे शांतपणे म्हणाले, “बाई, तुमी सूर एवढा चांगला लावला, त्याच्यावर चुकीच्या पिकानं वाजवू व्हय? तुमचाच अपमान झाला असता.” नवऱ्यानं सुद्धा एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पिक निवडायची त्यांची परीक्षा म्हणजे ती दातांची. चकती अंगठ्याबोटात धरायची, पुढच्या दातांवर टिचकी मारल्यासारखी आपटायची आणि डोळे मिटायचे. एका रविवारी आम्ही तिघं पुण्याला वाद्यांच्या दुकानात गेलो. पोपटरावांना ड्रमच्या काठ्या हव्या होत्या. जुन्या त्यांनी एका वरातीतलं भांडण सोडवताना मोडल्या होत्या. दुकानदारानं लोंढ्यांसमोर पिकांचा अख्खा खोका ठेवला आणि तो आमच्या काठ्या शोधायला वळला. परत आला तेव्हा अर्धा खोका दाताखालून गेला होता.

“अहो, हे काय! दातानं वाजवता की काय?”

“न्हाय,” लोंढे म्हणाले. “दातानं ऐकतो.”

“सगळी उष्टी केलीत!”

“ही दोन द्या. बाकीची बहिरी हायत.”

तो गृहस्थ पुणेरी होता, त्यामुळं यानंतर पाच मिनिटं आम्हाला आमच्या तालुक्याबद्दल बरंच काही ऐकायला मिळालं. पण रस्ता ओलांडून मी मागं वळून पाहिलं, तर तो गल्ल्यामागं पाठ फिरवून उभा होता, आणि त्याचा हात तोंडाशी होता.

लोंढ्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा मात्र पणदऱ्याचा. दुपारचं लग्न, जेवणाच्या पंगती चालू, आणि आम्ही मंडपाच्या कडेला वाजवत होतो. मधल्या सुट्टीत लोंढे डबी उघडून बसले. शेजारच्या खुर्चीवर फेटेवाले एक तात्या होते, ऊसवाले, बऱ्यापैकी बागाईतदार. पोपटरावांनी मुद्दाम खोडी काढली. “तात्या, हे आमचे लोंढे. पिकातलं ह्यांच्याएवढं कुणाला कळत न्हाय.”

तात्या सरसावले. “असं व्हय? आमच्यात सगळा ऊस. तुमी कंचं पीक घेता?”

“मी नायलॉन घेतो,” लोंढे म्हणाले.

तात्यांनी थोडा विचार केला. “नवीन वाण हाय का?”

“न्हाय, जुनंच हाय. पर पातळ घेऊ नका. पातळ लगी मोडतं.”

“आमचा ऊस बी मागल्या साली लोळला. जाड घ्यावं म्हंता?”

“जाडच घ्या. येक मिलिमीटर.”

“आन पानी किती लागतं?”

“पानी अजाबात लागू द्यायचं न्हाय,” लोंढे कळवळून म्हणाले. “हाताला घाम आला तरी सटकतं.”

पाण्याशिवाय येणारं पीक ऐकून तात्यांच्या तोंडाला कोरड पडली. त्यांनी पानदान पुढं केलं. मी ड्रममागं तोंड लपवलं. शेवटी तात्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “ह्याचं बेणं कुठं गावंल?” लोंढ्यांनी डबीतलं एक निळं पिक काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. तात्या कितीतरी वेळ त्या पिकाकडं बघत राहिले, मग लोंढ्यांकडं, मग माझ्याकडं. मग फेटा हलेपर्यंत हसले. जाताना ते पिक कनवटीला लावून गेले. लोंढे थट्टा करत होते की खरंच बोलत होते, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “त्यांनी जे इचारलं त्याचं उत्तर दिलं. खोटं काय बोललो का?”

विकत मिळणारी पिकं त्यांना पुरत नसत. मग घरातला कंगवा, दातघासणीची मूठ, डॉक्टरांकडच्या एक्स-रेची फिल्म, सगळं कात्रीखाली जाई. त्यांच्या मुलाच्या हाताच्या एक्स-रेतून त्यांनी चार पिकं काढली होती आणि एकावर मनगटाचं हाड स्पष्ट दिसे. त्याच सुमारास पोपटरावांनी मंडपासाठी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. महिन्याभरात तीन खुर्च्यांच्या पाठीला कडेनं तुकडे गेलेले आढळले. गोडाऊनच्या रखवालदारानं उंदरांवर घातलं.

“उंदीर बदामाच्या आकारात खातात व्हय रं?” पोपटराव ओरडले.

लोंढे गिटारचा सूर जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, “मऊ निघाल्या खुर्च्या. तुमाला फसवलं पोपटराव.”

एका दिवसासाठी मात्र असली चेष्टा बंद असे. एप्रिलमध्ये इंदापूरला जयंतीची मिरवणूक निघे, आणि तिथं ट्रकवर उभं राहून लोंढे वाजवत. ती पोपटरावांची सुपारी नसे. लोंढे आपल्या माणसांसाठी जात, आणि आम्हाला हौसेनं यायचं तर या म्हणत. त्या दिवसाचं पिक ते आठवडाभर आधी निवडत. जाड, टोकदार, आणि घामात सटकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरनं खरबरीत केलेलं. “त्या दिशी सूर गुळमुळीत येऊन चालत न्हाय बाई,” एवढंच म्हणत. मी एका वर्षी गेले. निळ्या गुलालात उभा ट्रक, समोर नाचणारा माणसांचा लोंढा, आणि वर गळ्यापर्यंत बटणं लावलेले हे. पहिली ओळ त्यांनी एकट्यानं वाजवली, तशी मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुद्धा उंबऱ्यात आल्या. वायरमनसारखा दिसणारा माणूस त्या दिवशी कुणालाच वायरमन वाटला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लोंढे निरवांगीला गेले. भावानं नवी कडबाकुट्टी बसवली होती, विजेवरची. वैरण आत सारताना उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा ते हाताचं गाठोडं उशीवर ठेवून बसले होते. पोपटरावांना रडू आवरेना. लोंढेच त्यांना म्हणाले, “मशीन चांगलं हाय. काप येकदम सरळ आलाय. आमच्या लेथवर सुदीक असा येत न्हाय.” मग भिंतीकडं तोंड केलं.

पिक धरतात ते अंगठा आणि त्याच बोटात.

चार महिने त्यांनी गोडाऊनचं तोंड पाहिलं नाही. कंपनीत ते बोट वाचवून कामावर जाऊ लागले होते, पण गिटार कपाटावर गेली. पोपटरावांनी दुसरा गिटारवाला आणला नाही. मी एकदा सुचवलं तर म्हणाले, “गोडाऊनमधी किती सामान ठिवायचं बाई?” ज्या गाण्यात गिटार होती ती गाणीच आम्ही यादीतून काढली. यादी फारच लहान झाली.

एक दिवस लोंढ्यांची बायको कमल शाळेत आली. ती अंगणवाडीत शिकवायची, बोलायला खणखणीत. वर्गाच्या दारातच उभी राहिली.

“बाई, तुमी येता का घरी?”

“काय झालं? तब्येत—”

“तब्येतीला काय धाड भरलीय? जेवतंय, झोपतंय. पर घरात नवीन डबा आणला, बादली आणली, कशाला हात लावना झालंय. पंधरा वर्सं मी बोंबलले की माझ्या वस्तू दाताला लावू नका. आता लावत न्हाय, तर मला भ्या वाटतंय.” आणि ती पदर तोंडाला लावून मुलांसमोरच रडली. पहिलीचा वर्ग गप्प बसला, असं माझ्या नोकरीत क्वचित घडलं.

मी आणि पोपटराव त्याच संध्याकाळी गेलो. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मी म्हणाले, सतार वाजवणारे बोटात तारेची नखी घालतात, तसं काही करता येईल का?

“ती सतार,” लोंढे म्हणाले. “गिटारीवर तारेची नखी घातली तर तार तारेला खाती. वरडल्यागत आवाज येतो.”

निदान बोलले तरी. त्या आनंदात पोपटराव सुटले. “अरं मग शिंगाचं कर की! मुंबईचा एक गिटारवाला सांगत हुता, म्हशीच्या शिंगाचं पिक लई भारी. बसतं बी घट्ट. गावाकडं तुमच्यात मेलेली जनावरं…”

वाक्य तिथंच राहिलं. पोपटरावांना आपण कुठं पाय घातला ते कळलं, आणि तो बाहेर कसा काढायचा ते कळेना. कमल कपबश्या गोळा करायची थांबली.

लोंढ्यांनी आवाज चढवला नाही. “पोपटराव, माझ्या आज्यानं छप्पन साली ते काम सोडलं. गावानं लई तरास दिला, पर परत हात लावला न्हाय. मी गाण्यासाठी बी लावणार न्हाय.”

“न्हाय, मी तसं…”

“तुमी तसं न्हाय म्हणाला. मला म्हाईत हाय. पर शिंग नको.”

परतीच्या वाटेवर मी पोपटरावांच्या स्कूटरवर मागं बसले होते. आम्ही पाच वर्षं एका ताटात जेवल्यासारखे वागत होतो, आणि ‘तुमच्यात’ हा एक शब्द किती सहज तोंडातून निघाला! तो माझ्याही तोंडातून कितीदा निघाला असेल, हे मी घरी येऊन आठवत बसले, आणि जे आठवलं ते चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव एक अख्खी लाल खुर्ची घेऊन लोंढ्यांच्या दारात गेले. खाली ठेवली आणि म्हणाले, “घे. काप.” आणखी काही बोलायला ते थांबलेच नाहीत, स्कूटरला किक मारून निघाले. कमलनं सांगितलं, की लोंढे खुर्चीकडं बघत उभे राहिले आणि मग एवढं हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मग ते खाली बसले, खुर्चीच्या हाताला दात लावला, आणि म्हणाले, “मऊच हाय गं.”

तिथून सुरुवात झाली. खुर्चीचं पिक वाकलं. सायकलच्या ट्यूबचं कडं करून त्यात पिक अडकवलं, ते दुसऱ्या ओळीला फिरून उलटं झालं. डॉक्टरची चिकटपट्टी घामानं सुटली. मग त्यांनी ते झटपट चिकटणारं द्रव्य आणलं आणि पिक थेट उरलेल्या बोटाला चिकटवलं. ते छान बसलं. इतकं छान, की निघेचना. दोन दिवस लोंढे बोटाला पिक घेऊन कंपनीत गेले. साहेबानं हात पुढं केला तर त्याला टोचलं. जेवताना आमटी त्या पिकावरून ओघळून कोपरापर्यंत जाई. “पर वाजलं कसं?” मी विचारलं. “वाजवायला वेळ कुठं मिळाला? सोडवण्यातच दोन दिवस गेले.”

आणि मग एक दिवस गोडाऊनमध्ये तालीम चालू असताना ते आले. हातात कंपनीतल्या भंगारातला नायलॉनचा जाड दांडा होता. सतरंजीवर बसून त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि आमच्यासमोर आपल्या तुटक्या बोटाचं माप घेतलं. एका कागदावर आकडा लिहिला. बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले, दहा मिनिटांनी आत येऊन पुन्हा मोजलं. दुसरा आकडा लिहिला.

“हे कशाला?” पोपटरावांनी विचारलं.

“उन्हानं बोट फुगतं. थंडीचं येगळं करायचं, उन्हाळ्याचं येगळं.”

लेथवर त्यांनी त्या दांड्याची दीड मिलिमीटरची चकती काढली. मधे बोटाच्या मापाचं भोक पाडलं, एका अंगाला टोक ठेवलं. अंगठीसारखी ती उरलेल्या पेरावर चढे आणि अंगठ्याचा खालून टेकू बसे. पहिली सैल झाली, दुसरीनं बोट निळं केलं. कितवी बसली ते मला आठवत नाही. ती बसली तेव्हा त्यांनी घरी दातावर आपटून पाहिली, डोळे मिटले, आणि कमलकडं बघून मान हलवली. ती म्हणाली, “माझ्या बादल्या आता परत उचलून ठेवते.”

खोटं कशाला सांगू, पूर्वीसारखं वाजलं नाही. भराभर खालीवर जाणारा हात गेला तो गेलाच. ऱ्हिदम त्यांनी सोडून दिला. पूर्वी जिथं ते वीस सूर वाजवत तिथं आता पाच येत, आणि त्या पाचांसाठी ते तालमीत घामाघूम होत. कधी चिडून अंगठी काढून फेकत, मग सतरंज्यांत हात घालून आम्ही सगळे शोधत बसू.

एप्रिल आला. इंदापूरला जायचं की नाही, हे त्यांनी आदल्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नाही. आम्ही न विचारता गेलो. पोपटराव स्वतःचा ड्रम घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा सुपारीशिवाय. ट्रकवर चढताना लोंढ्यांनी उन्हाळ्याची अंगठी घातली. समोर तोच लोंढा, तोच निळा गुलाल. पहिली ओळ एकट्यानं वाजवायची होती. त्यांनी एक सूर काढला आणि थांबले. मला वाटलं, संपलं. मग दुसरा आला, मग तिसरा, सावकाश, एकेक माणूस हाताला धरून ट्रकवर चढवल्यासारखे. पोपटराव ड्रमवर असे हलके वाजवत होते, की हे तेच पोपटराव यावर माझा विश्वास बसेना. तिसऱ्या सुराला खालच्या माणसांनी गाणं ओळखलं आणि उरलेलं सगळं तेच गायले.

निरवांगीहून लोंढ्यांची आई आली होती. सत्तरीची, पांढऱ्या लुगड्यातली. लेक ट्रकवरून उतरल्यावर तिनं त्याचा तो हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “आदी नुस्ती किरकिर करायचास बाबा. मला कंदी कळलंच न्हाय काय वाजवतुय ते. आज गानं कळलं.”

लोंढ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंधरा वर्षांची मेहनत, मायक्रोमीटर, लीड आणि ऱ्हिदम, सगळं त्या माउलीनं एका वाक्यात निकालात काढलं होतं. ते रडत होते की हसत होते, कळत नव्हतं. गुलालामुळं सगळ्यांचेच डोळे तसे दिसत होते.

त्यानंतर तीनेक वर्षं आम्ही एकत्र वाजवलं. मग माझी सोलापूरकडं बदली झाली. निघायच्या दिवशी लोंढे निरवांगीला होते. त्यांनी निरोप पाठवला, की बाईंची गाडी इंदापूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबती, मी येऊन भेटतो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथं.

सोलापूरच्या दोन गाड्या एकदमच आल्या. पुण्याहून आलेली आत फलाटाला लागली होती आणि आमची बारामतीची मागं फाटकातच अडकली. खिडकीतून मला लोंढे दिसले. हातात पेरूंची भली मोठी पिशवी, आणि पुढच्या गाडीच्या खिडक्यांखालून मान वर करून पळत होते. मी हाक मारणार तेवढ्यात ती गाडी हलली. लोंढ्यांनी घाईघाईनं, जिथं पदर दिसला त्या खिडकीत पिशवी कोंबली. आतून एक बोळकं तोंड बाहेर आलं. कुणी आजीबाई होत्या. त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि लोंढ्यांना दोन्ही हातांनी आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

“अवो आजी, ते आमच्या बाईंचं…” लोंढे दोन पावलं पळाले. मग थांबले. गाडीनं वेग घेतला होता. “खावा, खावा!” ते ओरडले. “पिकल्यालं आदी खावा!”

आमच्या ड्रायव्हरला उशीर झाला होता. आत शिरायचं सोडून त्यानं उतारू फाटकातच उतरवले आणि गाडी वळवायला घेतली. मी खिडकीत अर्धी बाहेर वाकले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, “लोंढे!” गाडीतली माणसं दचकली. एक बाळ रडायला लागलं.

हाक त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी चटकन मान वर केली, हात उंचावला, तोंडभर हसले, आणि आवाज तिथूनच आला असं समजून स्टँडच्या खांबावर लावलेल्या कर्ण्याकडं बघत राहिले.